पावसाळ्यात तंबू घेऊन एकटीनं कोकण किनारा: मुक्काम आधी, किलोमीटर नंतर

पावसाळ्यात कोकणात मोटरसायकल आणि तंबू घेऊन एकटं फिरायचं तर दिवसाचा हिशेब उलटा मांडा. आज किती किलोमीटर जायचं हे नंतर. रात्री पाठ कुठं कोरडी टेकणार हे आधी, आणि तेही उजेड असताना. मी चिपळूणची, शाळेत विज्ञान शिकवते. जून ते सप्टेंबरात जोडून सुट्टी आली की १६० सीसीच्या गाडीला तंबू बांधून किनाऱ्याला उतरते, बहुतेक वेळा एकटीच. दुपारी चारनंतर पुढं जाणं बंद, मग फक्त मुक्कामाची जागा शोधायची. जुलैत सूर्य सव्वासातच्या सुमारास मावळत असला तरी ढग उतरले आणि रस्ता आंबा-काजूच्या बागांत शिरला की साडेसहालाच काळोख पडतो. मग डांबरावर गुरं बसलेली असतात, खड्डा कुठला आणि डबकं कुठलं ते कळत नाही, आणि तंबू टाकायची जमीन कशी आहे हे तर दिसतच नाही.

निघण्याआधी दोन गोष्टी बघायच्या. पहिली, हवामान खात्याचा जिल्हावार इशारा. खात्याच्या मोजणीत २४ तासांत ६४.५ मिलिमीटरच्या पुढं पाऊस गेला की मुसळधार, ११५.६ च्या पुढं अति मुसळधार आणि २०४.४ च्याही वर म्हणजे अत्यंत मुसळधार. पिवळा इशारा असेल तर मी निघते. केशरी असेल तर तंबूचा विचार सोडून पक्क्या छपराखाली राहते. लाल असेल तर गाडी बाहेर काढत नाही, आणि वाटेत असताना लाल झाला तर आहे त्या गावात थांबते.

दुसरी गोष्ट भिंतीवरच्या कॅलेंडरात मिळते, ती म्हणजे तिथी. किनाऱ्यावरची जुनी माणसं भरतीची वेळ तिथीच्या पाऊणपटीनं काढतात. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास पूर्ण भरती. पौर्णिमेला सव्वाअकरा. रोज ही वेळ साधारण पाऊण तासानं पुढं सरकते, आणि भरतीनंतर सहाएक तासांनी ओहोटी. अंदाज ढोबळ आहे, पण मोबाईलला रेंज नसताना तोच कामाला येतो. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं आणि ते नेमकं मध्यरात्रीच्या सुमाराला चढतं, आपण गाढ झोपेत असताना. वरून पाऊस आणि खालून भरती अशी गाठ पडली की खाडीला मिळणाऱ्या नदीचं पाणी उतरत नाही. २२ जुलै २०२१ ला आमचं चिपळूण पाण्यात गेलं तेव्हा गुरुपौर्णिमा दोन दिवसांवर होती. वाशिष्ठी नदी फुगलेली आणि खाली खाडीत भरती. तेव्हापासून तिथी बघितल्याशिवाय मी खाडीकाठी रात्र काढत नाही.

आता जागा. बाहेरून येणाऱ्याला पहिला मोह पुळणीचा, म्हणजे किनाऱ्यावरच्या वाळूचा होतो, समोर समुद्र आणि मागं सुरूचं बन. पावसाळ्यात तिथं झोपू नका. उधाणाचं पाणी सुरूच्या मुळांपर्यंत येतं आणि वाऱ्यानं फांद्या मोडून पडतात. नारळाखाली तर तंबू कधीच टाकू नये. वाऱ्याच्या झोतात झावळ खाली येते तेव्हा तिचं वजन तंबूच्या काड्या पेलत नाहीत, नारळाचं तर बोलायलाच नको. डोंगराच्या कुशीत वारा कमी लागतो म्हणून तिथं जाऊ नका. २०२१ च्या जुलैत महाड तालुक्यातलं तळिये आणि खेड तालुक्यातलं पोसरे इथं दरडीखाली घरंच्या घरं गेली. पऱ्याच्या, म्हणजे ओढ्याच्या काठाची सपाट, हिरवी जागाही सोडा. ती सपाट आहे कारण पऱ्या फुगला की तिथूनच वाहतो.

राहिला सडा, म्हणजे डोंगरावरचं कातळाचं उघडं पठार. रत्नागिरी-राजापूरचे कातळसडे पावसात बघावेतच. पावसाचा जोर ओसरला की कातळावरच्या उथळ पाण्यात सीतेची आसवं आणि गेंद फुलतात, आणि आडवं-उभं पसरलेलं ते रान बघताना मला तासचे तास कमी पडतात. पण ते दिवसा. रात्री तिथं वाऱ्याला आडोसा नाही, विजेला सगळ्यात उंच तुम्हीच, आणि जांभ्या दगडात तंबूचा खुंटा शिरत नाही. फुरसं हा विषारी सापही याच कातळाच्या कपारीत आणि दगडांखाली राहतो. आणखी एक कळकळीची विनंती. उक्षी, कशेळी, देवीहसोळ अशा ठिकाणच्या सड्यांवर कातळशिल्पं, म्हणजे जमिनीवरच्या कातळात कोरलेली प्राचीन चित्रं आहेत. २०२२ मध्ये ती युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली, पण बराचसा कातळ तसाच उघडा आहे. गाडी रस्त्यावर लावा आणि चालत जा. चाकाखाली काय येतंय हे शेवाळात दिसत नाही.

मग झोपायचं कुठं? घराच्या अंगणात, पडवीत, शेतावरच्या मांगरात (खोपीत), देवळाच्या सभामंडपात किंवा शाळेच्या व्हरांड्यात, आणि प्रत्येक ठिकाणी विचारून. विचारण्याची रीत आहे. गडग्याबाहेर, म्हणजे दगडी कुंपणाबाहेर गाडी बंद करायची, हेल्मेट काढायचं, चेहरा दिसू द्यायचा आणि हाक मारायची, "काकी, आहात का घरात?" आपलं नाव, गाव, काय करता हे न विचारता सांगून टाकायचं, कारण पुढचा प्रश्न "कुणाची गो तू?" हाच असतो. मागायची ती फक्त तंबूपुरती जागा. उत्तर बरेचदा येतं, "बाय गो, तंबू कशाला? पडवीत नीज की." जुलै लावणीचा महिना आहे, दुपारी घरात म्हातारी माणसंच असतात. म्हणून पाचच्या सुमारास, शेतावरची माणसं परत येताना जावं. मी ज्या घरात बाईमाणूस आहे तिथंच विचारते. नंतर त्या घराचं नाव, वाडी आणि फोन नंबर माझ्या आईला कळवते. दुसऱ्या दिवशी सकाळी दहापर्यंत माझा फोन आला नाही तर तिनं त्या घरी फोन करायचा, हे ठरलेलं आहे. वीज गेली की बऱ्याच गावांत रेंजही जाते, त्यामुळं हा निरोप मुक्काम ठरल्याबरोबर पाठवायचा, जेवणानंतर नाही.

देवळात राहायचं तर गुरवांना विचारा. आवारात सुकी मासळी शिजवू नका. श्रावणात भजन रात्री उशिरापर्यंत चालतं, तेव्हा झोपेची घाई न करता बसून ऐका.

तंबू घेताना खुंट्यांशिवाय उभा राहणारा आणि दोन पदरी घ्या. पडवीत नुसता आतला जाळीचा भाग उभा केला तरी पुरतो, आणि तो करावाच. मण्यार रात्री फिरते, जमिनीवर झोपलेल्याला चावते आणि तिचा दंश कित्येकदा जाणवतही नाही. चेन लावलेली जाळी हा त्यावरचा साधा उपाय आहे. अंगणात टाकताना आधी ताडपत्री बांधायची आणि तिच्या आडोशाला तंबू उभा करायचा, म्हणजे आतला भाग भिजत नाही. पावसाळी वारा पश्चिमेकडून, नैर्ऋत्येकडून येतो. ताडपत्रीची खालची कड त्या बाजूला आणि तंबूचं दार पूर्वेला ठेवा. तंबूखालचं प्लॅस्टिक तंबूच्या तळापेक्षा चार बोटं आतच हवं. बाहेर राहिलं तर छपराचं पाणी त्यावर पडून अंगाखाली साचतं. खुंटा शिरत नसेल तर दोरी जांभ्याच्या चिऱ्याला बांधा. चिरा उचलण्याआधी काठीनं हलवा, हात घालू नका. बूट सकाळी झटकूनच घाला. विंचूही ओल्या दिवसांत कोरडी जागा शोधत येतो. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचूदंशावर प्राझोसिनचा उपयोग दाखवून दिला आणि कोकणातले कितीतरी जीव वाचले. पण औषध डॉक्टरनं द्यायचं असतं. दंश कसलाही असो, आवळून बांधू नका, कापू नका, चावलेला भाग हलवू नका, १०८ ला फोन करा आणि घरच्यांना उठवा. पायाला जखम असेल तर शेतातल्या चिखलात उतरू नका. लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिसचा) ताप त्याच वाटेनं येतो. परतल्यावर ताप आला तर डॉक्टरांना चिखलातून फिरल्याचं आवर्जून सांगा.

गाडीचं थोडक्यात. टायरच्या खोबणीतल्या झीज दाखवणाऱ्या खुणेपर्यंत नक्षी आली असेल तर निघण्याआधीच टायर बदला. चेनला रोज संध्याकाळी तेल द्या, पाऊस आणि खारी हवा तिला दोन दिवसांत गंजवतात. पंक्चरचं सामान, क्लचची जादा केबल आणि साइड स्टँडखाली ठेवायला फळीचा तुकडा हवाच, नाहीतर तांबड्या मातीत गाडी रात्रीतून आडवी होते. पेट्रोल दापोली, गुहागर, रत्नागिरी, देवगड अशा तालुक्याच्या गावी टाकी भरून घ्या, आणि रोख पैसे जवळ ठेवा.

रस्त्यावर सगळ्यात घात करतं ते झाडांच्या सावलीतलं शेवाळ. रस्त्याच्या कडेला हिरवट छटा दिसली की मधोमध चला, ब्रेक लावू नका, गाडी तिरकी करू नका. डबक्यातून गेल्यावर ब्रेक हलके दाबून सुकवा. ओढ्यावरच्या साकवावरून (छोट्या पुलावरून) किंवा रस्त्याखालच्या मोरीवरून पाणी वाहत असेल तर थांबा. एसटी थांबली असेल तर प्रश्नच नाही. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा जुना पूल वाहून गेला, तेव्हा अंधारात आलेल्या गाड्यांना पुढं पूल नाही हे दिसलंच नाही.

सागरी मार्गानं जाताना खाड्या जंगलजेट्टीनं, म्हणजे गाड्या नेणाऱ्या फेरीबोटीनं ओलांडाव्या लागतात: बाणकोट खाडीत बागमांडला-वेशवी, मग दाभोळ-धोपावे, मग तवसाळ-जयगड. हवा बिघडली की फेरी बंद होते. दाभोळला ती बंद मिळाली तर गुहागरला जायला दापोली, खेड, चिपळूण असा शंभरावर किलोमीटरचा वळसा पडतो. म्हणून आदल्या गावीच चौकशी करा, आणि दुपारी चारला थांबायच्या हिशेबात हा वळसा बसतो का ते बघा. बोटीच्या लोखंडी फळीवर पहिल्या गिअरमध्ये सरळ चढा, पुढचा ब्रेक धरू नका. हेदवीची बामणघळ (लाटा उसळतात ती कातळातली भेग) आणि हरिहरेश्वरची प्रदक्षिणेची वाट पावसाळ्यात लांबूनच बघायच्या.

सामानात एकच गोष्ट मी कुणालाही सोडू देत नाही, ती म्हणजे रात्रीच्या कपड्यांचा कोरडा जोड. दोन प्लॅस्टिकच्या पिशव्यांत बांधलेला. सकाळी पाऊस असेल तर पुन्हा ओलेच कपडे चढवायचे, कितीही नको वाटलं तरी. तो कोरडा जोड रस्त्यावर घातलात तर पुढची रात्र थंडीत जाते. ताडपत्री सगळ्यात वर बांधा, कारण पोचल्यावर तीच पहिल्यांदा लागते.

जेवणाला कुळथाचं पीठ न्या. लसूण तेलात परतायची, पाणी, तिखट, मीठ, दोन आमसुलं, आणि उकळताना पीठ सोडायचं. दहा मिनिटांत ऊन ऊन पिठी होते, भाताबरोबर किंवा नुसती पिता येते. स्टोव्ह तंबूत पेटवू नका, बंद जागेत साचणारा, वास नसलेला कार्बन मोनॉक्साइड वायू झोपेत जीव घेतो. जून-जुलैत मासेमारी बंद असते, तेव्हा ताज्या मासळीची आशा धरू नका. कुणी सुकटाची चटणी वाढली तर मात्र नाही म्हणू नका.

घरची माणसं पैसे घेत नाहीत. मी चहापूड आणि साखर बरोबर ठेवते, निघताना काकींच्या हातात देते, आणि त्यांच्याकडची आमसुलं, आगळ (कोकमाचा रस), आंबापोळी विकत घेते. त्याचे पैसे त्या हक्कानं घेतात.

परत आल्यावर त्याच दिवशी गाडी गोड्या पाण्यानं धुवा आणि चेनला तेल द्या. तंबू पिशवीतून काढून पंख्याखाली पसरा, शिवणी पूर्ण सुकेपर्यंत दोन दिवस लागले तरी चालतील. ओला गुंडाळलेला तंबू आठवड्यात बुरशी धरतो आणि पुढच्या पावसात त्याच शिवणीतून गळतो.