‘मिनिमम ड्यू’वर समाधान मानू नका

समजा, क्रेडिट कार्डाचं बिल 40,000 आलं आणि तुम्ही ‘मिनिमम ड्यू’चे (त्या महिन्यात भरावीच लागणारी किमान रक्कम) 2,000 भरले. दंड टळला, पण उरलेल्या 38,000 वर दरमहा साडेतीन टक्क्यांनी 1,330 रुपये व्याज, वर त्यावर 18 टक्के जीएसटी. म्हणजे पुढचे 2,000 भरले तरी मुद्दल जेमतेम सव्वाचारशेनं हलणार! शिवाय थकबाकी असेपर्यंत नव्या खरेदीवरही पहिल्या दिवसापासून व्याज लागतं; किराण्यावरसुद्धा. म्हणून पूर्ण बिलाचं ऑटो-डेबिट लावा. कार्डावर एटीएममधून रोकड तर काढूच नका.

अ‍ॅपमध्ये परदेशी व्यवहार बंद ठेवा. फसवणूक झालीच, तर आधी कार्ड ब्लॉक, बँकेला कळवा आणि लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या राष्ट्रीय हेल्पलाइनवर फोन.