बालविवाहाचा अहवाल सरकारदरबारी नेताय? या चुका टाळा

सगळ्यात डोक्यात जाणारं वाक्य आधी सांगते: 'सर्व संबंधित विभागांनी समन्वयाने काम करावे.'

एका संस्थेच्या तरुण मंडळींनी बीडकडच्या ऊसतोड कुटुंबांचा अभ्यास केला होता. काम अस्सल. तोडीला मजूर कोयत्यावर मोजतात, कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, मजूर पुरवणारा मुकादम उचल, म्हणजे हंगामाआधीची आगाऊ रक्कमही जोडीवर देतो. पोराचं लग्न उरकलं की घरात एक कोयता वाढतो, आणि मागे राहणाऱ्या पोरीला सांभाळणार कोण, हा प्रश्नही तिच्या लग्नानेच मिटवला जातो. हे सगळं त्यांनी नीट मांडलं होतं. शिफारशींत मात्र शिक्षण, महिला-बालविकास, सामाजिक न्याय, साखर, कामगार अशी पाच खाती एकाच वाक्यात कोंबलेली. साहेबांनी विचारलं, "यातलं माझं काय?" सगळे एकमेकांकडे बघत बसले. मग फाईल 'अभिप्रायार्थ' या खात्यातून त्या खात्यात फिरत राहिली. तोवर मजुरांच्या टोळ्या कारखान्यावर पोचल्या होत्या.

मी शिफारस पदाच्या नावानेच लिहिते. गटशिक्षणाधिकारी: स्थलांतर करणाऱ्या घरांतल्या मुलींची यादी दसऱ्याआधी तयार, हंगामी वसतिगृह टोळी निघण्याआधी चालू. ग्रामसेवक (आता ग्रामपंचायत अधिकारी): गावचा बालविवाह प्रतिबंधक अधिकारी तोच, हे त्याला लेखी कळवायचं. समाजकल्याण: ऊसतोड मजुरांच्या मुलामुलींसाठीच्या संत भगवान बाबा वसतिगृहांतले प्रवेश. प्रत्येकापुढे लेखाशीर्ष, म्हणजे पैसा अर्थसंकल्पातल्या कुठल्या शीर्षाखालून येणार ते. ते शोधायचा कंटाळा येत असेल तर अहवाल कपाटातच बरा, तसाही तिथेच जाणार आहे.

दुसरी चूक आकड्याची. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्राचा बालविवाहाचा आकडा २०१५-१६ मध्ये २६.३ टक्के होता, २०१९-२१ मध्ये २१.९ झाला. लगेच कुणीतरी लिहितं, 'गेल्या वर्षीच्या मोहिमेचं यश.' अहो, हा आकडा २० ते २४ वयाच्या स्त्रियांना विचारून काढतात, तुमचं लग्न अठराच्या आत झालं होतं का? २०१९ साली चोवीस वर्षांची असलेली बाई २०१३ मध्येच अठराची झाली. तुमच्या मोहिमेशी तिचा काय संबंध? टाळेबंदीत लागलेली लग्नं तर यात नाहीतच, महाराष्ट्रातली पाहणी २०१९ मध्येच संपली होती. तक्त्याच्या खालची बारीक अक्षरं आधी वाचा, मग आलेख काढा.

बाकीच्या पटकन.

मराठवाड्यातल्या पाचोडच्या आयएचएमपी या आरोग्य क्षेत्रातल्या संस्थेने मुलींचे वर्षभर जीवनकौशल्य वर्ग घेतले, तिथे लग्नाचं मध्यक वय १६ वरून १७ वर गेलं. म्हणून 'राज्यभर राबवा' म्हणू नका. शिकवणार कोण, मानधन किती, हे आधी लिहा.

अर्थसंकल्प मार्चमध्ये. फेब्रुवारीत अहवाल नेलात तर चहा मिळेल, तरतूद नाही.

साठ स्लाइड्स नकोत. आणि सारांश एआयकडून काढून आणणाऱ्यांना मी पहिला प्रश्न 'उचल कोण कुणाला देतं?' हाच विचारते.