मधुमेह असेल तर बोटाची सूज अंगावर काढू नका

मी शस्त्रक्रिया विभागात ड्रेसिंग करते. मधुमेही माणसाचा सुजलेला हात समोर आला की सुरुवात कशी झाली, हे विचारते. काटा टोचला, नखुरडं झालं, सुरी लागली... आणि पुढे, ‘दुखत नव्हतं म्हणून थांबलो.’ साखर वर्षानुवर्षं वाढलेली राहिली की नसा बधिर होतात, जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशीही नीट काम करत नाहीत. म्हणून किती दुखतंय यावरून काही ठरवू नका. डोळ्यांनी बघा.

जखम झाल्याबरोबर साबणाने, वाहत्या पाण्याखाली धुवा, कोरडी करून स्वच्छ पट्टी लावा. सकाळ-संध्याकाळ उजेडात दुसऱ्या हाताशी ताडून पाहा. लाली किंवा सूज दिसली तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. निघण्यापूर्वी लालीच्या कडेने पेनाने रेघ ओढा, शेजारी वेळ लिहा. लाली किती वेगाने पसरतेय, हे त्यावरून डॉक्टरांना लगेच कळतं.

अंगठी मात्र सूज दिसताक्षणी काढा. नंतर ती बोटात रुतते, रक्तपुरवठा अडतो आणि कापावीच लागते. हात हृदयापेक्षा उंच ठेवा.

बोट वाकवणाऱ्या कंडरांभोवती, म्हणजे स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोऱ्यांभोवती, नळीसारखं आवरण असतं. त्यात पू झाला की चार खुणा दिसतात: बोट सगळीकडून सुजतं, किंचित वाकलेलं राहतं, तळव्याच्या बाजूने दाबलं की दुखतं आणि दुसऱ्याने सरळ करू पाहिलं की कळ जाते. बधिर हातात शेवटच्या दोन खुणा फसवू शकतात. करंगळीचं आणि अंगठ्याचं आवरण पुष्कळांच्या मनगटात एकमेकांना जोडलेलं असतं, त्यामुळे करंगळीतला पू थेट अंगठ्यापर्यंत पोचू शकतो.

ताप, वर चढणारी लाल रेघ, काळपट-जांभळी त्वचा, फोड, दाबल्यावर त्वचेखाली बुडबुडे फुटल्यासारखी कुरकुर, किंवा कारण नसताना उसळलेली साखर, यातलं काहीही असेल तर रात्र असली तरी थेट हॉस्पिटलच्या तातडीच्या विभागात जा.

सुईने फोडू नका. गरम पाण्याचा शेक नको, बधिर हात भाजलेला कळत नाही. घरातल्या उरलेल्या अँटिबायोटिक गोळ्या नकोत. जेवण जात नसलं तरी इन्सुलिन मनाने बंद करू नका, डोस डॉक्टरांना विचारा. चालू औषधांची यादी बरोबर न्या, धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं होतं तेही सांगा.

पू काढल्यावर डॉक्टर सांगतील त्या दिवसापासून बोटं हलवायला लागा. जखम भरली आणि मूठ वळेना, असं मला फार वेळा बघावं लागतं.