विंडोज, मॅक, लिनक्स: तिन्हीकडे एकाच कमांडने बिल्ड कसा करावा

सर्व्हर गोमध्ये, स्क्रीन टाइपस्क्रिप्टमध्ये, डेटाचं काम पायथनमध्ये. अशा प्रोजेक्टची रीडमी पानभर वाढते आणि तरी नवा माणूस पहिल्याच पायरीला अडतो. म्हणून सगळ्या भाषांना पुरेल असं एकच बिल्ड टूल (कोडपासून चालणारा प्रोग्रॅम बनवणारं साधन) शोधायला निघू नका. गोचं स्वतःचं टूल, रस्टचं कार्गो, टाइपस्क्रिप्टसाठीचं एनपीएम आपापलं काम उत्तम करतात. त्यांच्यावर फक्त एक पातळ थर हवा.

१. आधी कमांडची नावं ठरवा: सेटअप, बिल्ड, टेस्ट. ती रूट फोल्डरमधल्या जस्टफाइलमध्ये, म्हणजे 'जस्ट' या कमांड चालवणाऱ्या छोट्या टूलच्या फाइलमध्ये, लिहा. याच कामाचं जुनं टूल 'मेक' 1976 पासून आहे आणि मला आवडतंही, पण विंडोजसोबत ते येत नाही. 'जस्ट' तिन्हीकडे चालतं. विंडोजवर कोणता शेल (कमांड चालवणारा प्रोग्रॅम) वापरायचा तेवढं फाइलमध्ये सांगून ठेवा.

२. कंपायलर आणि रनटाइमच्या आवृत्त्या रेपोतच (प्रोजेक्टच्या गिट फोल्डरमध्येच) नोंदवा. लॉक फाइल (पॅकेजच्या नेमक्या आवृत्त्यांची यादी) गिटमध्ये टाका, आणि बिल्ड करणाऱ्या सर्व्हरवर 'एनपीएम इन्स्टॉल'ऐवजी 'एनपीएम सीआय' चालवा. लॉक फाइल आणि पॅकेज फाइल जुळत नसतील तर ते गुपचूप बदल न करता सरळ थांबतं.

३. खरा वेळ खातात ते सिस्टिममधले बारीक फरक. विंडोजवर सेव्ह केलेल्या शेल स्क्रिप्टमध्ये ओळीच्या शेवटी एक जादा, न दिसणारं अक्षर येतं. लिनक्स ते इंटरप्रिटरच्या (स्क्रिप्ट चालवणाऱ्या प्रोग्रॅमच्या) नावाचाच भाग समजतं आणि 'बॅड इंटरप्रिटर' म्हणून थांबतं. स्क्रिप्ट कितीही वेळा वाचली तरी चूक सापडत नाही, कारण ती दिसतच नाही! उपाय: गिटअ‍ॅट्रिब्यूट्स फाइलमध्ये शेल स्क्रिप्टसाठी 'ईओएल' (ओळीचा शेवट) एलएफ, म्हणजे लिनक्सच्या पद्धतीचा, ठेवा.

'सेड' या मजकूर बदलणाऱ्या कमांडचा 'आय' (फाइल जागच्या जागी बदलण्याचा) पर्यायही मॅकवर वेगळा वागतो. तिथे बॅकअपचं एक्स्टेन्शन, निदान रिकामं तरी, द्यावंच लागतं. फाइलच्या नावातला लहान-मोठ्या इंग्रजी अक्षरांचा फरक विंडोज आणि मॅक सहसा चालवून घेतात, लिनक्स घेत नाही. म्हणून स्क्रिप्ट चार-पाच ओळींपुढे गेली की ती पायथनमध्ये लिहा.

४. सीआयमध्ये (प्रत्येक बदलानंतर आपोआप बिल्ड आणि टेस्ट करणाऱ्या यंत्रणेत) तिन्ही सिस्टिम लावा आणि तिथेही हीच 'जस्ट बिल्ड' कमांड चालवा. सीआयच्या फाइलमध्ये वेगळ्या पायऱ्या लिहिल्या की दोन बिल्ड सांभाळावे लागतात.

प्रोग्रॅम कंटेनरमध्ये, म्हणजे वेगळ्या बंदिस्त वातावरणात, चालवणारं डॉकर सर्व्हरच्या भागाला छान. मॅकचं अ‍ॅप मात्र लिनक्स कंटेनरमधून सहजी निघत नाही. गुगलने 2015 मध्ये खुलं केलेलं बेझल हे बिल्ड टूल मोठ्या रेपोसाठी ताकदीचं आहे, पण ते सांभाळायला माणूस नसेल तर त्याच्या वाटेला जाऊ नका.