अ‍ॅन्सिबल २.९ वरचे जुने प्लेबुक कलेक्शनवर कसे हलवायचे

"प्लेबुकच्या डोक्यावर कलेक्शन्स नावाची की टाका, खाली चार नावं लिहा, झालं काम." हा सल्ला अजून सगळीकडे फिरतोय आणि ज्यांनी दिलाय त्यांनी बहुतेक दहा ओळींच्या डेमो प्लेबुकवरच तो करून बघितलाय. खऱ्या कामाच्या रेपोत तो कुठे तुटतो ते खाली येतंच, पण आधी अ‍ॅन्सिबलमध्ये (सर्व्हर आपोआप सेटअप करणारं टूल, काय करायचं त्याची यमल फाइल म्हणजे प्लेबुक) झालं काय ते दोन ओळीत.

२०१९ च्या ऑक्टोबरात आलेल्या २.९ पर्यंत तीन हजारांहून जास्त मॉड्यूल (एकेक काम करणारे तुकडे) एकाच पॅकेजात मिळायचे. २०२० मध्ये २.१० आलं आणि फाळणी झाली. कॉपी, फाइल, टेम्प्लेट, सर्व्हिस, अ‍ॅप्ट, गिट वगैरे गाभा एका छोट्या पॅकेजात राहिला, त्याचं नाव आधी अ‍ॅन्सिबल-बेस आणि २०२१ पासून अ‍ॅन्सिबल-कोअर, आणि बाकी सगळं वेगवेगळ्या कलेक्शनमध्ये, म्हणजे वेगळ्या इन्स्टॉल होणाऱ्या गठ्ठ्यांमध्ये, गेलं. अ‍ॅन्सिबल नावाचं मोठं पॅकेज अजून आहेच, त्यात कोअर आणि बरीचशी कलेक्शन्स एकत्र येतात. हा फरक डोक्यात पक्का ठेवा कारण "माझ्या लॅपटॉपवर चालतंय, सीआयवर का नाही" या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा इथेच असतं, लॅपटॉपवर मोठं पॅकेज आणि सीआयच्या (आपोआप चाचण्या चालवणाऱ्या सिस्टिमच्या) इमेजमध्ये नुसतं कोअर.

गिटची वेगळी ब्रँच घेतली असेल, पायथनचं नवं व्हर्चुअल एन्व्ह केलं असेल असं धरून चालतो. जुन्याच एन्व्हमध्ये करणार असाल तर जुनं पॅकेज आधी पिपने अनइन्स्टॉल करा, २.९ वरून थेट अपग्रेड नीट होत नाही.

मग रिक्वायरमेंट्स फाइलमध्ये लागणाऱ्या कलेक्शन्स व्हर्जनसकट लिहा आणि अ‍ॅन्सिबलच्या गॅलक्सी कमांडने इन्स्टॉल करा. व्हर्जन न लिहिता सोडू नका, बस.

आता मॉड्यूलची नावं. हे सोपं आहे, प्लेबुक तपासणाऱ्या अ‍ॅन्सिबल-लिंटला फिक्स ऑप्शन देऊन एफक्यूसीएन (कलेक्शनसकट पूर्ण नाव) नियम चालवा, डॉकर_कंटेनर चं कम्युनिटी.डॉकर.डॉकर_कंटेनर तो स्वतःच करतो, फक्त कलेक्शन्स आधी इन्स्टॉल असू द्या नाहीतर त्याला कळणार कसं. लोकांना गाभ्यातले वाटतात आणि नाहीत असे काही सांगून ठेवतो: माउंट, सिसकंट्रोल, ऑथोराइज्ड_की, सिंक्रोनाइझ, फायरवॉलडी हे सगळे अ‍ॅन्सिबल.पॉझिक्समध्ये गेलेत. यूएफडब्ल्यू, टाइमझोन, आयएनआय_फाइल कम्युनिटी.जनरलमध्ये. मायएसक्यूएलचे कम्युनिटी.मायएसक्यूएलमध्ये, ओपनएसएसएलचे कम्युनिटी.क्रिप्टोमध्ये.

लिंट चालवण्याआधी एकच गोष्ट बघा, रेपोत किंवा एखाद्या रोलमध्ये (पुन्हा वापरायच्या टास्कच्या फोल्डरमध्ये) लायब्ररी नावाचं फोल्डर आहे का. बऱ्याच टीममध्ये कुणीतरी कधीतरी एखादं मॉड्यूल तिथे कॉपी करून त्यात आपली दुरुस्ती घातलेली असते आणि तो माणूस कधीच नोकरी सोडून गेलेला असतो. नुसतं छोटं नाव लिहिलं की ती स्थानिक फाइल आधी सापडते, पूर्ण नाव लिहिलं की सरळ कलेक्शनमधलं मॉड्यूल चालतं. एरर येत नाही, वॉर्निंग येत नाही, फक्त वागणूक बदलते. तेव्हा तिथली प्रत्येक फाइल अजून लागते का ते ठरवा, आणि गाभ्यातल्या मॉड्यूलची स्थानिक प्रत खरंच हवी असेल तर अ‍ॅन्सिबल.बिल्टइन ऐवजी अ‍ॅन्सिबल.लेगसी लिहा.

इथपर्यंत अर्ध्या दिवसाचं काम. खरा त्रास यापुढे आहे आणि माझा सगळ्यात जास्त वेळ दरवेळी इथेच गेलाय: स्ट्रिंगच्या आत लपलेली नावं.

मॉड्यूल हा टास्कचा भाग असतो, त्यामुळे टूलला तो दिसतो. पण मॉड्यूलबरोबर फिल्टर (व्हॅल्यू बदलणारे), लुकअप (बाहेरून व्हॅल्यू आणणारे), कनेक्शन, कॉलबॅक (आउटपुट छापणारे), इन्व्हेंटरी (सर्व्हरची यादी देणारे) प्लगइन हे सगळंही हललंय, आणि यातलं बरंचसं जिंजा या टेम्प्लेट भाषेच्या महिरपी कंसात, टेम्प्लेट फाइलीत, ग्रुप व्हार्समध्ये आणि व्हेन कंडिशनमध्ये बसलेलं असतं. जेसन_क्वेरी हा फिल्टर कम्युनिटी.जनरलमध्ये आहे. आयपीअ‍ॅड्र तर दोनदा हलला, आधी अ‍ॅन्सिबल.नेटकॉमन आणि मग अ‍ॅन्सिबल.युटिल्स, त्यामुळे जुन्या लेखातून कॉपी केलेलं "नवं" नावही जुनंच निघतं. हॅशी_व्हॉल्ट लुकअपही तसाच, आधी कम्युनिटी.जनरल, आता त्याचं स्वतःचं कम्युनिटी.हॅशी_व्हॉल्ट.

आणि सुरुवातीचा तो कलेक्शन्स कीचा सल्ला नेमका इथे आपटतो. ती की फक्त मॉड्यूल, अ‍ॅक्शन आणि रोल शोधताना बघितली जाते, फिल्टर लुकअपला तिचा काडीचा उपयोग नाही. त्यातही प्लेबुकमध्ये लिहिलेली यादी रोलच्या आत उतरत नाही, प्रत्येक रोलच्या मेटा फाइलमध्ये ती पुन्हा लिहावी लागते. म्हणजे मॉड्यूल चालायला लागतात, तुम्ही खूश होता, आणि फिल्टर तसेच जुन्या नावावर राहतात. माझं स्पष्ट मत, ही की वापरूच नका. पूर्ण नाव लिहायचं, लांबलचक दिसलं तरी लिहायचं, वाचणाऱ्याला कुठलं मॉड्यूल कुठून येतंय ते तिथल्या तिथे कळतं.

बरं मग हे जुने फिल्टर चालतात तरी कसे? तर कोअरमध्ये एक राउटिंगची फाइल आहे, जुनं नाव दिसलं की ती नव्याकडे पाठवते, पण त्यासाठी नवं कलेक्शन इन्स्टॉल असावं लागतं. मोठ्या पॅकेजात ते असतंच, म्हणून कुणाला काही जाणवत नाही आणि "मायग्रेशन झालं" असं जाहीर होतं.

सिंटॅक्स चेक पास झाला म्हणून तर अजिबात विश्वास ठेवू नका. तो टेम्प्लेट फाइली उघडत नाही, इन्क्लूड_टास्क्सने आत येणाऱ्या फाइलीही वाचत नाही. चेक मोडही (बदल न करता नुसतं चालवून बघणं) पुरत नाही कारण कमांड आणि शेलचे टास्क तिथे सहसा वगळले जातात, मग त्यांच्या आउटपुटवर चालणारा फिल्टर तपासला जाणार कसा. ज्या टास्कची व्हेन कंडिशन खोटी आहे त्याच्या आतलं टेम्प्लेट उलगडतच नाही, आणि असे टास्क कुठले असतात तर रोलबॅकचे, डिस्क भरल्यावरचे, फेलओव्हरचे. म्हणजे "असा फिल्टर नाही" ही एरर तुम्हाला नेमकी कधी दिसणार हे सांगायला नको.

म्हणून मी दोन्ही बाजूंनी शोधतो.

पहिली बाजू ग्रेप. पूर्ण रेपोत पाइपच्या चिन्हानंतर येणारा शब्द उचला, सॉर्ट करा, युनीक करा. मोठ्या रेपोतही ही यादी एका स्क्रीनवर दोनदा स्क्रोल करण्याइतकीच निघते, ती डोळ्याने वाचा. डिफॉल्ट, कम्बाइन, रेजेक्स_रिप्लेस, टू_जेसन, डिक्ट२आयटम्स हे जागेवरच आहेत, त्यांना हात लावू नका, उगाच सगळ्याला लांब नावं लावत बसायची हौस नको. उरलेल्यांचं घर शोधा. एवढ्याने भागत नाही, कारण मॅप आणि सिलेक्टमध्ये फिल्टरचं किंवा टेस्टचं नाव अवतरणात येतं, पाइपनंतर नाही, ते वेगळं शोधा. तसेच लुकअप, क्वेरी, आणि विथ_ ने सुरू होणारे जुने लूप, त्यात विथ_ च्या पुढचा शब्द म्हणजे लुकअपचंच नाव असतं. यमलबरोबर जे२ (टेम्प्लेटच्या) फाइलीही घ्या, त्या विसरल्या जातातच.

दुसरी बाजू रन. तीन व्ही (-vvv, म्हणजे सविस्तर आउटपुट) देऊन प्लेबुक चालवा आणि आउटपुटमध्ये रिडायरेक्टिंग हा शब्द शोधा. जिथे जिथे जुन्या नावावरून नव्याकडे ढकललं गेलं तिथे अ‍ॅन्सिबल प्लगइनचा प्रकार, जुनं नाव, नवं नाव असं छापतं, म्हणजे दुरुस्तीची यादी आयती. ती ओळ येणं बंद होईपर्यंत हे करत राहा. पण चाललेल्याच टास्कची ती यादी आहे, त्यामुळे ग्रेपला सुट्टी नाही.

जाता जाता, जेसन_क्वेरीला जेएमइएसपाथ आणि आयपीअ‍ॅड्रला नेटअ‍ॅड्र ही पायथन लायब्ररी लागते, आणि ती जिथून प्लेबुक चालवता त्या मशीनवर लागते, सर्व्हरवर नाही. नवं एन्व्ह केलंत की ती राहून जाते आणि लोक नाव चुकलं समजून तासभर नाव बदलत बसतात. एरर नीट वाचा.

आता उरलेलं. कॉन्फिग फाइलमध्ये प्रोफाइल_टास्क्स आणि टायमर कॉलबॅक अ‍ॅन्सिबल.पॉझिक्सचे झाले, आणि कॉलबॅक_व्हाइटलिस्ट या सेटिंगचं नाव कॉलबॅक्स_एनेबल्ड झालंय. आउटपुटसाठी यमल कॉलबॅक लावला असेल तर त्याचं नवं नाव शोधण्यात वेळ घालवू नका, २.१३ पासून डिफॉल्ट कॉलबॅकलाच रिझल्ट फॉरमॅट यमल सांगता येतो, तेच करा. इन्व्हेंटरीत अ‍ॅन्सिबल_कनेक्शन डॉकर असेल तर कम्युनिटी.डॉकर.डॉकर करा, एडब्ल्यूएसची इन्व्हेंटरी फाइल असेल तर तिच्यातली प्लगइनची ओळ अ‍ॅमेझॉन.एडब्ल्यूएस लावून लिहा. मॉड्यूल_डिफॉल्ट्समधली नावं पण बघा.

शेवटची चाचणी मोठ्या पॅकेजवर घेऊ नका. रिकामं एन्व्ह, फक्त अ‍ॅन्सिबल-कोअर आणि तुमची रिक्वायरमेंट्स फाइल, दुसरं काही नाही. यादीत एखादं कलेक्शन लिहायचं राहिलं असेल तर "मॉड्यूल सापडलं नाही" म्हणून तिथेच थांबेल. ज्या टास्कच्या कंडिशन एरवी खोट्या असतात ते स्टेजिंगवर व्हेरिएबल देऊन मुद्दाम चालवा, रोलबॅकचा प्लेबुक तर नक्कीच.

आणि हे एकदा करून संपणारं नाही. डॉकरचे मॉड्यूल २.१० च्या वेळी कम्युनिटी.जनरलमध्ये होते आणि त्याच कलेक्शनच्या २.०.० मध्ये तिथून निघाले, कुबरनेटीसचं कलेक्शन नाव बदलून कुबरनेटीस.कोअर झालं. कलेक्शनचा पहिला आकडा वाढवताना चेंजलॉगमध्ये रिमूव्ह्ड हा भाग आधी वाचा, मगच रिक्वायरमेंट्समधली व्हर्जन बदला.