अमारेत्तो सावर: साखर नको, लिंबू ताजं हवं

इटलीतल्या सारोन्नो गावाशी नाव जोडलेलं अमारेत्तो बदामासारखं दरवळतं, पण तो वास बरेचदा जर्दाळूच्या बियांमधल्या गराचा असतो. (काही ब्रँडमध्ये खरे बदामही असतात, ॲलर्जी असेल तर लेबल वाचाच.) हे मद्य मुळातच गोड, म्हणून सावर (लिंबाच्या रसाचं आंबट कॉकटेल) करताना साखरेचा पाक घालूच नका. ४५ मिली अमारेत्तो, २० मिली बर्बन (अमेरिकन व्हिस्की), ३० मिली लिंबाचा रस आणि एका ताज्या अंड्याचा पांढरा भाग शेकरमध्ये घ्या. आधी बर्फाशिवाय जोरात हलवा, मग बर्फ टाकून पुन्हा. ग्लासात गाळलं की वर दाट, मऊ फेस बसतो आणि आंबट घोटामागून हळूच बदाम येतो. लिंबू मात्र कॉकटेल बनवतानाच पिळा. बाटलीबंद रसाने सगळी मजा जाते.