पेशीतलं औषध रामन सूक्ष्मदर्शकाखाली बघताय? या चुका टाळा

स्टिम्युलेटेड रामन, म्हणजे एसआरएस सूक्ष्मदर्शक दोन लेझर टाकून रेणूंची कंपनं ओळखतो. त्याखाली पेशीत औषधाचे ठिपके पहिल्यांदा चमकले की हरखून जायला होतं. मीही हरखले होते. पेशी मेलॅनोमाच्या, म्हणजे त्वचेच्या कर्करोगाच्या; औषधाला अल्काइनची, म्हणजे कार्बन-कार्बन तिहेरी बंधाची, खूण जोडलेली. खुणेचं शिखर, म्हणजे तिचा सिग्नल सगळ्यांत जोरदार असतो ती जागा, 2125 प्रति सेंटीमीटरजवळ येतं; दोन लेझरमधला फरक तेवढाच हवा, म्हणून स्टोक्स लेझर 1064 नॅनोमीटरला आणि पंप 868 ला लावला. ठिपके लख्ख. सहज पंप 877 वर नेला, म्हणजे साधारण 2000 प्रति सेंटीमीटर. तिथे ना अल्काइनचं शिखर, ना पेशीतल्या कशाचं. तरी ठिपके जसेच्या तसे! ते मेलॅनिन, म्हणजे त्वचेचं काळं रंगद्रव्य, होतं. ते स्वतःच प्रकाश शोषतं आणि डिटेक्टरला तोही सिग्नलच वाटतो.

म्हणून शिखराबाहेरचं चित्र न घेणं ही मला सगळ्यांत मोठी चूक वाटते. ते दरवेळी घ्या, त्याच जागेचं घ्या. तरंगलांबी बदलली की पॉवरही बदलते, तेव्हा नमुन्यापाशी पुन्हा मोजा आणि मगच शिखरावरच्या चित्रातून ते वजा करा. औषध न दिलेल्या पेशीही सोबत हव्यातच.

उलट, काहीच दिसत नसेल तर लगेच पॉवर वाढवू नका; पेशीत बुडबुडे येतात आणि नमुना हातचा जातो. आधी शुद्ध डीएमएसओ या द्रावकाचा थेंब ठेवून 2913 प्रति सेंटीमीटरचं शिखर शोधा. तेही नसेल तर दोन्ही लेझरचे पल्स एका वेळी, एका जागी पडत नाहीयेत. डिले आणि अलाइनमेंट बघा.

थेंब दिसतो, पेशी दिसत नाही? मग प्रश्न बहुधा प्रमाणाचा. साध्या अल्काइनला जागेवर शेकडो मायक्रोमोलर तरी लागतात. माध्यमात दहा मायक्रोमोलर घातलं आणि पेशीने ते साठवलं नाही, तर यंत्राला दोष देऊ नका. 2011 मध्ये जपानी संशोधकांनी जिवंत हेला पेशींत (प्रयोगशाळेत वाढवतात त्या मानवी कर्करोगाच्या पेशी) ईडीयू, म्हणजे अल्काइन असलेला डीएनएचा घटक, दाखवलं, कारण ते डीएनएतच गुंफलं जाऊन केंद्रकात साठतं.

त्यामुळेच ईडीयू धुण्यातही टिकतं. सुटं औषध टिकत नाही. मिथेनॉल किंवा ट्रायटन हे डिटर्जंट वापरलंत की मेद विरघळतो आणि त्यात बसलेलं औषधही वाहून जातं. अशा औषधाचं चित्र जिवंत पेशींतच घ्या, माध्यम बदलल्यावर लगेच.